मॅरेथॉन सोडणारी ललिता

मुंबई मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी पेपरात हमखास दोन फोटो असतात. मोठा फोटो इथिओपिया नाहीतर केनियाच्या विजेत्याचा, आणि खाली लहान, ‘भारतीय गटातील विजेती’. 2012 ते 2014 अशी सलग तीन वर्षं त्या लहान फोटोत ललिता बाबर होती. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मोहीची. शेतकऱ्याच्या घरातली. शाळेत खो-खो खेळणारी ही पोर पुढे पळण्याच्या जोरावर रेल्वेत नोकरीला लागली. आपल्याकडे खेळाडूचा पहिला पल्ला हाच. पदकबिदक नंतरचं.

हॅट्ट्रिक झाली, सत्कार झाले. त्यानंतर तिने जे केलं, ते मला त्या तिन्ही विजयांहून मोठं वाटतं. ऐन भरात असताना तिने मॅरेथॉन बाजूला ठेवली आणि 3000 मीटर स्टीपलचेस धरली.

मॅरेथॉन काय मागते ते बघायचं असेल तर पेडर रोडच्या चढावर उभं राहावं. हा चढ परतीच्या वाटेवर येतो, अंगातला साखरेचा साठा संपत आलेला असताना. हौशी मंडळी तिथे चालू लागतात. कुणी दुभाजकाला धरून पोटरी ताणत असतं. तेवढ्यात एखादी एलिट बाई येते. गालावर घामाचं मीठ वाळलेलं, पण खांदे सैल आणि पावलांचा आवाज जेमतेम. आपण टाळी वाजवेपर्यंत ती पुढच्या वळणावर. अशी शर्यत वर्षातून दोनदा, फार तर तीनदा पळता येते. त्या दिवशी पोट बिघडलं की कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात.

तरीही आपले ट्रॅकवरचे धावपटू रस्त्यावर येतात, कारण रस्त्यावर पैसा आहे. 2015 ची मुंबई मॅरेथॉन आठवा. ओ. पी. जैशाने 2 तास 37 मिनिटं 29 सेकंदांत राष्ट्रीय विक्रम मोडला, स्टीपलचेसकडे वळूनही पळालेली ललिता 2:38:21 वेळेसह दुसरी, सुधा सिंग तिसरी. जैशा 1500 मीटरवाली, बाकी दोघी स्टीपलचेसच्या. देशातल्या पहिल्या तीन मॅरेथॉनपटू ट्रॅकवरच्या होत्या, याचं कुणालाच काही वाटलं नाही.

आता ललिताचं गणित बघा. रिओ ऑलिम्पिकची महिला मॅरेथॉन 2:24:04 वेळेत जिंकली गेली. ललिताची त्या मुंबईतली वेळ त्याहून चौदा मिनिटांनी मागे. इतक्या वेळात चार किलोमीटर सहज होतात. स्टीपलचेसमध्ये कांस्यपदक गेलं 9:07.63 ला, आणि अंतिम फेरीत ललिता पळाली 9:22.74. फरक पंधरा सेकंदांचा. हेही थोडं नाही, पण पुढची निदान डोळ्यांना दिसते.

स्टीपलचेस सोपी मात्र नव्हे. अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. हर्डल्समधला अडथळा धक्क्याने पडतो, इथला जागचा हलत नाही. पाय अडकला तर पडायचं आपणच. दम लांब पल्ल्याच्या धावपटूचा हवा आणि दमलेल्या पायांनी उडी मोजून मारता यायला हवी. ललिता 2015 मध्ये वुहानला आशियाई विजेती झाली, त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवी आली.

रिओतल्या तीन दिवसांत दोन्ही वाटा शेजारी शेजारी दिसल्या. 13 ऑगस्टला प्राथमिक फेरीत ललिताने 9:19.76 चा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषाच्या 1984 नंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीत हे कुठल्याच भारतीय बाईला जमलं नव्हतं. 14 तारखेला मॅरेथॉन होती. जैशा 89 वी आली आणि शर्यत संपताच कोसळली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत 120 वी. वाटेत आपल्या टेबलांवर पाणी-पेय द्यायला कुणी नव्हतं, असं जैशाचं म्हणणं. आम्ही विचारलं होतं, नकोच म्हणाले, असं ॲथलेटिक्स महासंघाचं. उन्हात बेचाळीस किलोमीटर पळून आलेल्या बाईशी कागदोपत्री वाद घालायची हौस आपल्यालाच! 15 ऑगस्टला ललिता दहावी आली. इथे झेंडावंदनाच्या फोटोंची गडबड होती, तिच्या धावण्याला बातमीत जेमतेम जागा मिळाली.

त्या वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला, पुढे लग्न झालं, ती राज्य शासनाच्या महसूल सेवेत गेली. ‘पळायचं का सोडलं’ असं विचारणारे भेटतातच. वर्षानुवर्षं पहाटे उठून बघा, म्हणावं त्यांना.

तिचा विक्रम सात वर्षं टिकला. 2023 मध्ये बुडापेस्टला मेरठच्या पारुल चौधरीने 9:15.31 वेळ देऊन तो मोडला, तोही जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत. पारुल तेव्हा अकरावी आली होती. मॅरेथॉनमध्ये जैशाने मुंबईनंतर 2015 मध्येच बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत स्वतःचा विक्रम 2:34:43 वर नेला होता. तिथे ती अठरावी होती आणि लगेच मागे, एकोणिसावी, सुधा सिंग.