पाचगणीचा पियानो

फ्रेडी मर्क्युरीचं मूळ नाव फारुख बलसारा, जन्म 1946 चा झांझिबारमधला आणि शाळा आपल्या पाचगणीची, ही माहिती रॉकप्रेमी मंडळी गंमत म्हणून सांगतात. माझ्या मते ती शिक्षणखात्याने वाचावी अशी नोंद आहे. सेंट पीटर्स शाळेत तो पियानो शिकला आणि तिथल्याच मित्रांसोबत त्याने ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. ‘क्वीन’ या त्याच्या प्रसिद्ध रॉक बँडची स्थापना 1970 ची, म्हणजे कितीतरी नंतरची.

कोणी म्हणेल, ती फी भरणाऱ्यांची निवासी शाळा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालीसारख्या गावातल्या शाळेला संगीत शिकवणं कसं परवडावं? पण पियानो कोण मागतंय? नमन आणि जाखडी या लोककला जपणाऱ्या या जिल्ह्यात मृदंग, ढोलकी, पेटी वाजवणारे हात गावोगाव आहेत. त्यांना आठवड्यातून दोन तास शाळेत मानधनावर बोलवा. प्रत्येक मूल फ्रेडी होणार नाही, हा आक्षेप तर अगदीच लंगडा. हेक्टिक्समधली बाकीची मुलंही जगप्रसिद्ध झाली नाहीत, म्हणून त्यांचं वाजवणं वाया गेलं का? गणित शिकवताना आपण प्रत्येकाकडून रामानुजन होण्याची हमी घेत नाही. संगीताकडूनच ती का मागायची?