कव्हर हवंच, पण ‘९एच’ची थाप नको



मोबाइलला कव्हर घालणं आणि वर काच चिकटवणं म्हणजे पैशाची उधळपट्टी, देखणा फोन घ्यायचा आणि प्लास्टिकमध्ये कोंडायचा, असा सूर आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात अलीकडे उमटला. एक फोन फुटला की दुसरा हजर, अशा घरात हा सूर शोभतो. पण सुरतच्या उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली भागातल्या आपल्या खानदेशी कामगाराचा फोन बहुतेक वेळा हप्त्यावरचा असतो. पडून फुटला की वॉरंटी लागू होत नाही. दुरुस्तीवाला वरची काच आणि आतला डिस्प्ले एकत्र, म्हणजे त्याच्या भाषेत ‘फोल्डर’, बदलायला सांगतो आणि साध्या फोनचाही आकडा हजारांत जातो. हप्ते मात्र थांबत नाहीत. गावी पैसे पाठवायचे ते फोनवरून, गावी जाणाऱ्या ताप्ती लाइनच्या गाडीचं तिकीट फोनवर, किराणा दुकानातला स्कॅनही फोननंच. त्याला शे-दीडशे रुपयांचं कव्हर ही चैन वाटत नाही, आणि वाटूही नये.

शिवाय कित्येक कंपन्या स्वतःच डब्यात पारदर्शक कव्हर घालून देतात. उघडा फोन किती टिकतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

कव्हरची खरी कामगिरी कोपऱ्यांवर असते. फोन सपाट पडला तर बरेचदा निभावतो. कोपऱ्यावर आदळला की सगळा दणका नखाएवढ्या जागेत उतरतो आणि तिथून तडा सुरू होतो. मऊ कोपरा दबतो, दणका थोडा पसरतो, म्हणून काच वाचण्याची शक्यता वाढते. घेताना रंग आणि चित्र बाजूला ठेवा. फोन कव्हरसकट टेबलावर पालथा ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघा. काच आणि टेबल यांच्यात फट दिसली, तर कव्हरची कड उंच आहे. काच टेकली असेल, तर ते कव्हर नुसतं शोभेचं.

आता टेम्पर्ड काचेकडे येतो, कारण खरी फसवणूक इथे आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘९एच’ छापलेलं असतं आणि विकणारा सांगतो, ‘हिऱ्याच्या खालोखाल कडक’. हे दुसऱ्या कुठल्या शहरात खपलं असतं तर समजू शकलो असतो. ज्या शहराच्या वराछा आणि कतारगाममध्ये लाखो हात हिरे घासतात, ज्याच्या खजोदमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं, त्या सुरतेत हे खपावं? खनिजांच्या कठीणपणाची मोजपट्टी फ्रिडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडली. तिच्यात हिरा १०, माणिक ९, पुष्कराज म्हणजे टोपाझ ८, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ ७. फोनची काच साधारण ६ च्या आसपास. पाकिटावरच्या ‘९एच’चा या पट्टीशी काडीचा संबंध नाही. तो पेन्सिलींचा क्रमांक आहे. रंगाचा किंवा लेपाचा थर किती टणक आहे हे पाहण्यासाठी त्यावर पेन्सिली ओढतात आणि ९एच ही त्यातली सर्वांत कडक. पण पेन्सिल म्हणजे ग्राफाइट आणि माती. घरच्या खिडकीच्या तावदानावर ती कितीही घासा, ओरखडा उठणार नाही. म्हणजे तावदानही ‘९एच’च ठरलं!

दुसरी थाप याहून गोड आहे. फोन पडतो, वरची काच तडकते आणि दुकानदार म्हणतो, ‘बघा साहेब, ग्लास गेला पण डिस्प्ले वाचला.’ ती काच साधारण एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची, कडांना जराशा वाकण्यानंही तडकणारी. तिच्या खालची काच बहुधा रासायनिक प्रक्रिया केलेली. वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवल्यावर काचेतल्या लहान सोडियम आयनांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन दाटीवाटीनं शिरतात, पृष्ठभाग आवळला जातो आणि काच बळकट होते. तेव्हा वरची फुटली म्हणून खालचीही फुटलीच असती, हे कोणी सिद्ध केलं? थोडाफार मार ती अंगावर घेत असेलही, पण तिचं फुटणं हा पुरावा नव्हे.

मग काच लावूच नये का? लावावी, पण ओरखड्यांसाठी. खिशातली किल्ली आणि नाणी यांची भीती लोकांना फार, खरं तर ती काचेपेक्षा मऊ असतात. खरा वैरी वाळूचा कण. तापीची रेती, रस्त्याची धूळ, २०२१ पासून चाललेल्या मेट्रोच्या खोदकामाचा राडा, या सगळ्यात गारगोटी आहे, आणि ती ७ वर बसते. हा कण मूळ काचेवर चरा पाडण्याऐवजी पन्नास-शंभराच्या काचेवर पाडतो. तेवढ्यासाठी ती पुरेशी स्वस्त आहे. घंटीवर, म्हणजे घासण्याच्या चाकावर, हिरे घासणाऱ्या रत्नकलाकाराच्या बोटांना हिऱ्याची भुकटी असते. त्याच्या फोनवर तर कुठलीच काच टिकायची नाही, वरची बदलत राहणं हाच मार्ग. वाकड्या कडांच्या स्क्रीनवर ओतून सुकवायच्या गोंदाची काच बसवताना मात्र जपा. तो गोंद बटणांत आणि कानाजवळच्या जाळीत शिरतो.

कव्हरलाही दोन खोडी आहेत. आतल्या फटीत धूळ आणि लूमवरचा धाग्यांचा कचरा अडकतो आणि फोनची पाठ आतल्या आत घासली जाते. आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चार्जिंगला लावलेल्या फोनचा ताप जाडजूड कव्हर बाहेर जाऊ देत नाही. उष्णतेनं बॅटरीची झीज होते. चार्ज करताना कव्हर काढा, आठवड्यातून एकदा आतून पुसा, एवढं पुष्कळ.

माझी तक्रार कव्हर-काच लावणाऱ्यांवर नाही, विकणाऱ्यांवर आहे. २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हवा, माल परदेशी असेल तर देशाचं नावही. बाजारातल्या किती पाकिटांवर हे सापडतं, ते पुढच्या खेपेला स्वतः उलटून पाहा. तोलमाप खात्यानं वजनकाटे तपासायला फिरतात तसं या दुकानांतही एकदा फिरावं, आणि ‘९एच’पुढे ‘पेन्सिल’ हा शब्द छापणं सक्तीचं करायची शिफारस वर पाठवावी. तोवर ग्राहकांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि पाकीट फेकू नये.

आपला,
एक वाचक, उधना (सुरत)