पाटीला काळे फासून इज्जत वाढत नाही

१४ जून २०२२ ची गोष्ट. त्या दिवशी ठाणे पोलिस आयुक्तालयाची वेबसाइट उघडली की पोलिसांच्या माहितीऐवजी हॅकर्सचा इंग्रजी मजकूर दिसत होता. जगभरच्या मुसलमानांची माफी मागा, आमच्या प्रेषितांचा अपमान झाल्यावर आम्ही गप्प बसणार नाही, असा त्याचा आशय होता. मे महिन्याच्या अखेरीस एका राजकीय पक्षाच्या प्रवक्त्या टीव्हीवर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याविषयी जे बोलल्या, त्याचा हा बदला होता. मलेशियातील 'ड्रॅगनफोर्स' या हॅकर गटाने भारताविरुद्ध मोहीम पुकारली होती. इस्रायलमधील भारतीय वकिलातीसह सुमारे ७० वेबसाइट्सवर हल्ले झाल्याच्या बातम्या तेव्हा वृत्तपत्रांत आल्या.

माझा भाचा मोबाईल घेऊन दुकानात आला. "मामू, बघा, कसा धडा शिकवला!" मी विचारले, "कोणाला?" त्याला उत्तर देता आले नाही.

उत्तर मीच देतो. आमची भिवंडी याच ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत येते. त्या प्रवक्त्यांविरुद्ध मुंब्रा आणि भिवंडी येथे तक्रारी होऊन गुन्हे दाखल झाले होते. जबाबासाठी त्यांना समन्सही गेले होते. म्हणजे ज्या पोलिसांनी आपली फिर्याद लिहून घेतली, त्यांच्याच पाटीला आपल्या नावाने काळे फासले गेले. अपमानाचे दुःख आम्हालाही होते. पण कायद्याच्या रस्त्याने निघालेल्या माणसाच्या पायात हा धोंडा कोणी टाकला? ज्यांना भिवंडी कुठे आहे हेही ठाऊक नसेल, अशा लोकांनी.

दोनच दिवसांत इचलकरंजीच्या आमच्या जुन्या दलालाचा फोन आला. ग्रे मालाच्या ताक्यांचा हिशेब झाल्यावर ते हळूच म्हणाले, "शेठ, तुमच्या लोकांनी हे काय केलं?" वीस वर्षांचा व्यवहार, कधी चिठ्ठीचपाटी लागली नाही. त्या 'तुमच्या लोकांनी' या दोन शब्दांनी मला जे वाटले, ते बाजारात बसणाऱ्याला सांगायला नको. आपला धंदा उधारीवर चालतो आणि उधारी एतबारावर चालते. हॅकर पडद्याआड राहतो. जबाब मात्र दुकानात बसलेल्याला द्यावा लागतो.

बरे, यात पराक्रम तरी कोणता? वेबसाइट ही सरकारची दर्शनी पाटी असते. जुने, दुरुस्त न केलेले सॉफ्टवेअर किंवा सोपा पासवर्ड सापडला की आत शिरून पहिले पान बदलता येते. कारखाना जागच्या जागी राहतो, फक्त बोर्ड रंगवला जातो. जून १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर 'मिलवर्म' गटातील कोवळ्या पोरांनी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची वेबसाइट अशीच बिघडवली होती. त्यांचा विरोध अणुबॉम्बला होता. त्यामुळे जगातला एकही बॉम्ब कमी झाला नाही.

दीनच्या नावाने हे करणाऱ्यांना आणखी एक विचारावेसे वाटते. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय शिरू नका, ही शिकवण कुरआनच्या सूरह नूरमध्ये आहे. ज्यांच्या इज्जतीसाठी हे केले म्हणता, ते प्रेषित (स.) स्वतः व्यापार करीत आणि मक्केचे लोक त्यांना 'अमीन', म्हणजे विश्वासू, म्हणत. त्यांच्या नावाने कुलूप तोडायचे, हा कसला सन्मान?

सरकारही निर्दोष नाही. केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजीच आदेश काढला होता की, असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा. पण चोरी कळवणे वेगळे आणि कडी लावणे वेगळे. आमच्याकडून विवरणपत्रे, ई-वे बिल, सगळे ऑनलाइन मागणाऱ्या सरकारने आधी स्वतःची दारे मजबूत करावीत. एक दिवसाचा उशीर झाला तर आम्ही दंड भरतो. दार उघडे ठेवणाऱ्या अधिकाऱ्यालाही कोणीतरी विचारले पाहिजे.

व्यापारी आणि कारागीर बंधूंना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली मुलांची. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरून नासधूस करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मलेशियातला हॅकर सापडेल न सापडेल, पण त्याच्या नादाने इथे हात चालवणारा आपला मुलगा नक्की सापडेल. ज्या पोराला संगणक कळतो, त्याला शिकवा आणि कुलपे बनवण्याच्या कामाला लावा. त्या कामाला आज मागणी आहे.

दुसरी गोष्ट आपल्या गल्ल्याची. जीएसटीचा पासवर्ड मुनीमजींच्या वहीत, तोच बँकेला, तोच ईमेलला, अशी आपली रीत आहे. ती आजच बदला. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

माझा भाचा आता माझ्या दुकानाचा ऑनलाइन हिशेब सांभाळतो. सगळे पासवर्ड त्याने बदलले, आणि नवे कोणाला सांगायचे नाहीत असे मलाच बजावले. मला त्याचा राग आला नाही.