हजेरीचा पट आणि रात्रपाळी

शेंकडा ७५ तासांना जो हजर नाहीं त्याचें सत्र मंजूर करूं नये, त्यास परीक्षेस बसूं देऊं नये, असा विद्यापीठाचा नियम आहे. नियम सर्वांस सारखाच, असें पंडित म्हणतात. सारखा कसा? महाळुंग्याचें, निघोज्याचें पोर रात्रपाळी करून सकाळीं चाकणच्या कारखान्यांतून सुटतें, नाशिक रस्त्यावरच्या गर्दींत अडकतें, आणि कॉलेजांत पोंचेपर्यंत पहिला तास संपलेला असतो. बापाची जमीन वसाहतींत गेली. उरल्या कांद्याच्या वाफ्यांवर घर चालत नाहीं. पोरानें मजुरी सोडली तर फी भरावी कोणीं? फी घेतांना मात्र हजेरीचा पट कोणी उघडीत नाहीं, बरें!

जोतीराव-सावित्रीबाईंनीं १८५५ सालीं कामकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा काढली. गरिबाचीं पोरें गुरें राखण्यांत व शेतकामांत गुंततात, म्हणून त्यांस शिष्यवृत्त्या व बक्षिसें द्या, असें जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनला लिहून दिलें. दंड करा असें लिहिलें नाहीं. आणि त्याच सावित्रीबाईंचें नांव २०१४ पासून पुणें विद्यापीठाच्या पाटीवर आहे!

टपरीवर दिवस घालविणाऱ्या उनाडांची तरफदारी आम्ही करीत नाहीं. पण कामावरच्या पोरानें पाळीचा दाखला आणला तर त्याची तूट माफ व्हावी, आणि पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कॉलेजांनीं रात्रीचे वर्ग काढावे. पुढच्या सत्राचा पट उघडण्यापूर्वीं पोरांबरोबर आईबापांनींही प्राचार्यांकडे जाऊन हें मागावें.