‘असूनही’ कशासाठी?

फराळाच्या ताटाशेजारी भयपटाची वकिली मांडतो आहे, म्हणून वडीलधाऱ्यांनी रागावू नये. चकलीला तिखट लागते, तसे घरच्या करमणुकीलाही थोडे भय लागतेच. आजीच्या गोष्टीत राक्षस काय उगाच येत असे? माझे भांडण आहे ते भयाची किंमत पैशांत करणाऱ्या रसिकांशी.

‘ड्युएल’ हा चित्रपट घ्या. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने तो १३ नोव्हेंबर १९७१ रोजी, शनिवारी रात्री दाखवला. रिचर्ड मॅथेसन यांनी आपल्याच कथेवरून पटकथा लिहिली होती. दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग, वय वर्षे २४. खर्च साडेचार लाख डॉलरच्या आसपास. चित्रीकरण दोन आठवड्यांच्या आत. कथा एवढीच, की मोटारीने कामाला निघालेला एक साधा गृहस्थ वाटेत एका टँकरच्या पुढे जातो आणि टँकरवाला त्याच्या जिवावर उठतो. का, ते शेवटपर्यंत कळत नाही. त्याचा चेहराही धड दिसत नाही. दिसतात ते हात आणि बूट.

यावर आमची जाणती मंडळी मान डोलावून म्हणतात, “टीव्हीसाठी स्वस्तात केलेला असूनही छान आहे हो!” या ‘असूनही’वर माझा आक्षेप आहे. गरिबाघरची असूनही सून गुणाची निघाली, असे म्हणणारी सासू सुनेचे कौतुक करते की माहेराचा उद्धार?

कुणी म्हणेल, मग गरिबीचेच पोवाडे गा. तेही नाही. स्टुडिओत मोटार उभी करून मागे रस्त्याची फिल्म फिरवणे स्वस्त पडले असते. स्पिलबर्गने हट्टाने कॅलिफोर्नियाचा खरा, तापलेला रस्ता धरला. टँकर निवडला तोही तोंडवळा पाहून. त्याच्या बंपरवर निरनिराळ्या राज्यांच्या नंबरपाट्या लावल्या. आधी किती बळी घेतले ते त्या न बोलता सांगतात. त्या पाट्यांना असे कितीसे पैसे पडले असतील? पैसा कुठे ओतायचा आणि कुठे नुसती अक्कल वापरायची, हे ज्याला कळते त्याला ‘असूनही’ची भीक नको.

पुढे परदेशी चित्रपटगृहांसाठी ७४ मिनिटांचा हा चित्रपट ताणून ९० मिनिटांचा केला. नायकाचा बायकोला फोन आला, शाळेची बस आली. भीती मात्र वाढली नाही; आपण ओळखलेलेच पुन्हा समजावून सांगितले गेले. पण पडदा मोठा झाला आणि प्रतिष्ठाही वाढली. लंडनच्या डिलिस पॉवेल यांनी मोकळ्या मनाने वाखाणणी केली. १९७३ साली फ्रान्समधल्या आव्होरियाझ महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. रोममध्ये काही समीक्षकांना त्यात वर्गलढा सापडला. दिग्दर्शक ते कबूल करीना, तेव्हा ते उठून गेले, असा किस्सा सांगतात. म्हणजे भीतीच्या गळ्यात तत्त्वज्ञानाची माळ घातली, तरच ती पंक्तीला बसणार! आपल्याकडे नारायण धारपांना वाचकांनी रात्री जागून वाचले. समीक्षेने मात्र त्यांना बराच काळ ओसरीवरच ठेवले, ते याच सोवळ्यापायी.

आणि करकरणारी दारे व रबरी मुखवटे दाखवून “बजेटच नव्हते हो” म्हणणाऱ्या निर्मात्यांनीही ‘ड्युएल’च्या पाठीमागे लपू नये. त्या सबबीवर पहिली फुली याच चित्रपटाने मारली आहे.

वाचकहो, भय खरे की खोटे, एवढेच विचारा. घरच्या छोट्या पडद्यासमोर धडधडणारे काळीज काही लहान नसते.