फुकटचं लायसन्स, अपडेटची खिडकी

लाँग वीकेंडला तारकर्ली? मग स्कूबाचे फोटो निळे-हिरवे येणारच. समुद्राचं पाणी लाल रंग आधी गिळतं. ते सुधारणारं महागडं सॉफ्टवेअर तुम्ही 'गिव्हअवे'त फुकट पटकावलंय? झकास! फक्त 'नवी आवृत्ती आलीय' अशी खिडकी उघडली, की लगेच 'हो' म्हणू नका. असलं लायसन्स बहुतेकदा त्याच आवृत्तीपुरतं असतं. अपडेट केलंत की उरते ट्रायल, आणि मालवणच्या किल्ल्यावर भलामोठा वॉटरमार्क!

जुनी आवृत्ती परत टाकू म्हणाल, तर 'गिव्हअवे ऑफ द डे'सारख्या ठिकाणी इन्स्टॉल आणि रजिस्टर त्याच दिवशी करावं लागतं. नंतर तोच इन्स्टॉलर ढिम्म. (लॅपटॉप फॉरमॅट करून देणाऱ्या मित्रालाही हे आधीच सांगा.)

'बरहा' आठवतं? १९९८ साली कानडीसाठी आलेलं, पुढे मराठी टायपिंगलाही कित्येकांनी फुकट वापरलेलं. नंतरच्या आवृत्त्यांना पैसे लागले.

ब्राउझर आणि अँटिव्हायरसची अपडेट्स मात्र अडवू नका, तिथं जुनं म्हणजे चोराला उघडं दार. फोटोवाल्या प्रोग्रॅमची 'ऑटो अपडेट'ची खूण निघण्याआधीच काढा. होमस्टेचं वायफाय मिळालं, की काही प्रोग्रॅम तुम्हाला न विचारताच नवे होऊन बसतात.