आधी ऊब, मग औषध

कोंबडीचं पिल्लू मान टाकून कोपऱ्यात उभं राहिलं की आमच्याकडे लोक औषधाची बाटली शोधतात. मला हे पटत नाही. आधी ऊब! पहिल्या आठवड्यात पिलाला साधारण ३५ अंश सेल्सिअस लागतं. वीज गेली की ते गारठतं, खाणं सोडतं. मी टोपलीत भाताचं तूस पसरते, वीज असेल तर वर बल्ब टांगते, चोचीचं टोक कोमट गूळपाण्यात टेकवते, नाकपुड्या कोरड्या ठेवून. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल, तर भिजवून पुसायची. ओढली तर कातडी सोलवटते. ("अंड्यापेक्षा लाडच महाग," इति सासूबाई.) म्हणूनच, मदत म्हणून एक दिवसाची पिल्लं वाटणाऱ्यांनी ती निदान चार आठवडे वाढवून द्यावीत. जिथे विजेचा भरवसा नाही, तिथे एक दिवसाचं पिल्लू हातात देणं ही मदत नव्हे.